जाळीच्या आतलं

फादर मुळातच घाबरट. उंदीर दिसला की खुर्चीवर चढायचे, आणि मुलं त्यांची हुबेहूब नक्कल करायची. पण त्या शनिवारी चर्चमध्ये, लोकांच्या पापांची कबुली ऐकायच्या कन्फेशनच्या पेटीत, ते खरे घाबरले ते जाळीपलीकडच्या एका एवढ्याशा आवाजाने.

आवाज टिल्लीचा होता. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांत सगळ्यात लहान, म्हणून टिल्ली. खरं तर पलीकडे कोण आहे हे फादरांनी ओळखायचंही नसतं. पण रोज ऐकलेला आवाज न ओळखायला कान कुठे ठेवायचे?

"मी पाप केलं, फादर," ती म्हणाली. गाण्याचे मास्तर तालीम संपल्यावर तिला एकटीला थांबवून काय करतात, ते तिने पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं सांगून टाकलं. "मास्तर म्हणाले, पाप माझंच आहे. फादरना सांगितलं की मिटेल. आणि फादर ते कुणालाच सांगू शकत नाहीत."

फादरांच्या सगळं लक्षात आलं. मास्तरांनी पोरीला मुद्दाम पाठवलं होतं. इथे मोकळी झाली की ती दुसरीकडे बोलणार नाही, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला कायमचं कुलूप! पेटीत ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, त्यावरून वागण्यातसुद्धा फरक दाखवायचा नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर. कायदा नेमका उलटा: मुलांबद्दल असं कळलं की पोलिसांना सांगायचं, नाहीतर तुरुंगात जायचं. तुरुंगाचं फादरांना त्या क्षणी काहीच वाटलं नाही. भीती वाटली ती पोरीसाठी.

"ऐक बाळ, यात तुझं पाप नाही. कणभरही नाही. हेच बाहेर येऊन मला सांगशील? बाहेर सांगितलंस तर मला काहीतरी करता येईल."

"बाहेर मास्तर आहेत. तेच मला घरी सोडणार आहेत," ती म्हणाली आणि उठून गेली.

फादर धडपडत पेटीबाहेर आले. मास्तर शेवटच्या बाकावर टिल्लीचं दप्तर घेऊन बसले होते. "झालं का गं? सांगितलंस सगळं?" ते लाडाने विचारत होते. मग फादरांकडे बघून हसले. फादरांनाही हसावं लागलं, आणि स्वतःच्याच हसण्याची त्यांना शिसारी आली.

'आज हिला मी सोडतो,' एवढं साधं वाक्य ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, कारण ते जाळीतून ऐकलेल्यावरूनच सुचलेलं होतं. मग ते छपराच्या गळतीबद्दल काहीबाही बडबडत त्या दोघांच्या मागे गाडीपर्यंत गेले. बोल गं बाई, एकदाच बोल, असा मनात धावा चालला होता.

मास्तरांनी दार उघडलं. टिल्लीने एक पाय आत टाकला आणि मागे घेतला.

"फादर, मला नाही जायचं. मास्तर मला हात लावतात. नको तिथे."

"अहो, हे कन्फेशनमधलं आहे!" मास्तर ओरडले. "तुम्हाला बोलता येणार नाही!"

"ती रस्त्यावर बोलली, मास्तर." फादरांचा आवाज चिरकला. त्यांनी टिल्लीचा हात धरला, तिला जवळजवळ ओढतच ऑफिसात नेलं आणि आतून कडी घातली. बाहेर मास्तर दार बडवू लागले. त्या आवाजात फादरांनी कसाबसा पोलिसांना फोन लावला, पोरगी काय म्हणाली ते सांगितलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" पलीकडून विचारलं गेलं.

"आत्ताच. गाडीजवळ."

टिल्लीने मान वर केली. "पण मी तुम्हाला मघाशीच सांगितलं ना?"

फोन कानाला होता. फादरांना हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ती वाट बघत राहिली. मग तिने त्यांच्या हातातून आपला हात हळूच काढून घेतला.