पेडवी रुळेपर्यंत

मांजर आणायचं तर गोणीत घालून, तोंड बांधून आणायचं, आणि वाटेत वाहतं पाणी लागलं की गोणी एकदा उलटी फिरवायची. म्हणजे मांजराची दिशा चुकते आणि ते माघारी जात नाही. दाजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांजरं अशीच आली होती. पण ती आली शेजारच्या वाडीतून, फार तर एक ओढा-व्हाळ ओलांडून. आता मिठबावहून इन्सुलीला यायचं म्हणजे खाड्या, नद्या आणि पूल यांना तोटा नाही. दाजींनी एकही पूल सोडला नाही. प्रत्येक ठिकाणी गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरले आणि गोणी फिरवली. गाडीवाला सर्वेश आधी हसला, मग कंटाळला, आणि कुडाळनंतर पूल दिसला की आपणहून गाडी थांबवू लागला.

गोणीतलं मांजर सुरुवातीला रडत होतं. पुढे ते गप्प झालं. दाजींची बायको मथुरा मागच्या सीटवर गोणी मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्या गप्प होण्याची धास्ती वाटली. तिने गोणीवरून हात फिरवून बघितला. आतला जीव थरथरत होता. म्हणजे जिवंत होता, एवढ्यावर तिने समाधान मानलं.

मांजर त्यांच्या लेकीचं. गौरजा, एकुलती एक, मिठबावच्या शाळेत शिकवायची आणि आनंदीकाकूंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायची. तिथे हे राखाडी, हाडकुळं पिल्लू तिच्या दारात आलं. आईला फोनवर त्याचं वर्णन करताना ती म्हणाली होती की मासळीच्या पाटीतल्या बारक्या पेडव्यासारखं दिसतं, म्हणून नावही पेडवीच ठेवलं. मांजर बिछान्यात घेऊ नको, केस पोटात जातात, असं मथुरा दर फोनला बजावायची आणि गौरजा दर फोनला हो म्हणून मांजर कुशीत घेऊन झोपायची. श्रावणात तिला ताप आला. साधा ताप म्हणून तिने अंगावर काढला, शाळा बुडवली नाही. मग ॲडमिट केलं, मग गोव्याला हलवलं, आणि तिथून ती परत आली नाही.

त्या धांदलीत मांजर कुणाच्या लक्षात राहणार? खोलीतलं सामान आणलं, स्कूटी टेम्पोत घालून आणली, खोलीला कुलूप लागलं. दिवाळी घरात न लावलेल्या कंदिलासह निघून गेली. त्यानंतर आनंदीकाकूंचा फोन आला. खोलीत नवीन शिक्षिका येणार होत्या आणि त्यांना मांजराचं भय होतं. काकू घास घालत होत्या, पण मांजर काही त्यांचं होईना.

"ता दाराकडेच बसता गो," काकू म्हणाल्या. "खंयच्याय गाडयेचो आवाज इलो की उठान उभा रवता."

मथुराने फोन ठेवला आणि दाजींना सांगितलं, आपण ते मांजर आणतोय. विचारलं नाही, सांगितलं. गावात लोक येत होते, बसत होते, देवाची इच्छा म्हणत होते, आणि एकेक करून सगळे गौरजाला भूतकाळात जमा करून आपापल्या कामाला लागले होते. कुणीतरी अजून तिची वाट बघतंय हे ऐकल्यावर मथुराला जगात आपलं एक माणूस सापडल्यासारखं झालं. ते माणूस चार पायांचं होतं, त्याला ती काय करणार?

घरी आल्यावर दाजींनी उरलेला विधी पार पाडला. पंजांना खोबरेल तेल चोळायचं, मांजर ते चाटत बसतं आणि घर विसरतं. मग त्याला चुलीभोवती फिरवायचं, म्हणजे ते त्या चुलीचं होतं. आता स्वयंपाकघरात गॅस, आणि गॅसची शेगडी भिंतीला टेकलेली, तिच्याभोवती फिरणार कसं? म्हणून दाजी परसातल्या न्हाणीच्या चुलीकडे गेले. तिथे अर्धी प्रदक्षिणा होते न होते तोच पेडवीने त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला, उडी टाकली, घरात शिरली आणि माजघरातल्या पलंगाखाली, भिंतीच्या अगदी कोपऱ्यात जाऊन बसली. तेलाचे चार-पाच ठसे लादीवर उठले. दाजी रक्त पुसत म्हणाले की निदान घरातच गेली, बाहेर नाही. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर, तेवढं सुदैव मानायला हरकत नव्हती.

पण पेडवी पलंगाखालून हलेना. दूध ठेवलं, तसंच राहिलं. बांगडा उकडून काटे काढून ठेवला, त्यावर मुंग्या आल्या. सोमवारी मथुराच्या घरात माशाचं नावही कुणी काढत नसे. त्या सोमवारी तिने न्हाणीच्या चुलीवर निराळ्या टोपात सुंगटं, म्हणजे कोळंबी, शिजवली, आंघोळ केली आणि मग देवाची पूजा केली. देवाला काय समजायचं ते समजू दे, असं तिचं म्हणणं. सुंगटंही तशीच राहिली. शेजारणी येऊन पलंगाखाली वाकून बघत आणि सल्ले देत. एक म्हणाली ओढून काढा, एक म्हणाली उपाशी ठेवा, आपसूक येईल. उपाशी ते होतंच. मथुरा जमिनीवर आडवी पडून पलंगाखाली बघायची तेव्हा दोन डोळे दिसायचे, आणि त्या डोळ्यांत तिची ओळख नसायची. रस्त्यावरून स्कूटर गेली की मात्र कान ताठ व्हायचे. तेवढ्यापुरता मथुराचाही जीव ताठ व्हायचा.

शेवटी दाजींनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. अक्षया त्यांचं नाव. वयाने गौरजाएवढ्याच असतील. मथुराने त्यांच्याकडे एकदाच नीट बघितलं आणि नंतर बघायचं टाळलं. दाजी सावंतवाडीच्या कचेरीत जन्मभर कारकून. डॉक्टर समोर येताच त्यांची जीभ कचेरीतल्या मराठीवर गेली आणि त्यांनी गोणी, पूल, तेल, चूल असा सगळा वृत्तांत सादर केला. अक्षया हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की या सगळ्याने ती आणखी घाबरलीय. आता तिला ओढू नका, खोलीत वर्दळ नको, आणि मांजर जास्त दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत जातं, मग हातात काही राहत नाही.

"घर ओळखीचं नाही, माणसं ओळखीची नाहीत," त्या म्हणाल्या. "निदान वास तरी ओळखीचा हवा. तुमच्या मुलीचं न धुतलेलं एखादं कापड असेल तर ते तिच्याजवळ ठेवा."

डॉक्टर गेल्यावर मथुरा तिथेच खुर्चीत बसून राहिली. न धुतलेलं कापड या घरात असणार कुठून? तेरावं झालं त्या दिवशी तिने विहिरीवर बसून गौरजाचं सगळं धुतलं होतं. सुतक फिटलं की घरातलं कापडन्‌कापड धुवायचं ही रीत, आणि मथुरा रीतीला चुकणारी बाई नव्हे. खरं तर रीत निमित्तालाच होती. ती थांबली असती तर कोसळली असती, म्हणून ती धूत राहिली. चादरी, उशांचे अभ्रे, साड्या, ड्रेस, शाळेत न्यायची पिशवी, हेल्मेटच्या आतलं अस्तरसुद्धा तिने उपसून काढून साबणात बुडवलं. बिछाना देऊन टाकला. दोरीवर वाळत घातलेल्या त्या कपड्यांत मुलीचा मागमूस उरला नव्हता. नंतर एकदा तिने कपाटातला गौरजाचा ड्रेस तोंडावर धरला, तर नुसता साबणाचा वास. तेव्हा काय हातचं गेलं ते तिला कळलं. ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, दाजींनाही नाही.

दाजी उठले, पडवीबाहेर शेडमध्ये गेले आणि परत आले. त्यांच्या हातात निळ्या फुलांचा स्कार्फ होता, गौरजा स्कूटी चालवताना तोंडाला बांधायची तो. तो स्कूटीच्या डिकीत होता, आणि डिकी उघडायचं मथुराला सुचलं नव्हतं. दाजी रोज संध्याकाळी शेडमध्ये जायचे. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करतो म्हणायचे. पेट्रोल जाळता कशाला, म्हणून मथुरा रोज कुरकुर करायची. आता तिला कळलं की ते तिथे कशासाठी जात होते.

तिला आधी राग आला.

"इतके महिने तुमी एकट्यानंच?" ती म्हणाली. "माका एकदा तरी दाखवूचो होतो."

"दाखवलंय असतंय तर तू धुवन टाकलं असतंस," दाजी म्हणाले.

तिने खरंच धुतला असता. तिने स्कार्फ घेतला आणि नाकाला लावला. आधी हेल्मेटचा कोंदट वास आला, मग खोबरेलाचा, आणि मग त्या सगळ्याच्या खालून गौरजा आली. दुपारी शाळेतून आल्यावर घामेजलेल्या कपाळाची, पावडर पुसलेली, तिची पोर. मथुरा रडली. श्रावणापासून ती चारचौघांत रडली होती, चितेकडे बघून रडली होती, पण अशी नाही. दाजी बाजूला उभे राहिले. त्यांनी स्कार्फ परत मागितला नाही.

मग खरा प्रश्न पुढे आला. हा मांजराला दिला की गेला. मांजर त्यावर लोळणार, लाळ गाळणार, केस सोडणार. थोड्याच दिवसांत तो मांजराचा होणार. आणि पुन्हा असा दुसरा नाही. दाजींनी सुचवलं की कापून अर्धा ठेवूया. मथुरालाही ते पटलं. तिने शिवणाच्या डब्यातून कात्री आणली, स्कार्फ मांडीवर पसरला, मधोमध घडी घातली. निळ्या फुलांवर कात्री टेकवली आणि तिला ते जमेना. डॉक्टर पोरीला सुया टोचत होते तेव्हाही तिने मान फिरवली होती. तिने कात्री डब्यात परत ठेवली.

ती लादीवर आडवी पडली आणि सबंध स्कार्फ हात लांबवून पलंगाखाली सरकवला. स्वतःची मूठ सोडवताना तिला थोडा वेळ लागला, एवढंच.

बराच वेळ काही झालं नाही. मग पेडवीने मान पुढे काढली. स्कार्फ हुंगला, मागे सरली, पुन्हा हुंगला. एकदाच बारीकसं ओरडली आणि त्याच्यात तोंड खुपसलं. पुढचे दोन पाय आलटूनपालटून दाबत ती तो तुडवू लागली, पिल्लं आईच्या पोटाशी करतात तसं, आणि तिच्या घशातून घरघर सुरू झाली. ती घरघर पुष्कळ वेळ चालली. त्याच संध्याकाळी तिने बांगड्याचे दोन घास खाल्ले. मथुराने त्या उष्ट्या वाटीकडे बघून नमस्कार केला, नेमका कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे ती रुळत गेली. आधी पलंगाखाली जेवायची, मग पलंगाजवळ, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. दाजींनी एकदा चुकून शेपटीवर पाय दिला, तरी पळाली नाही, नुसतं फिस्कारून तिथेच बसली. स्कार्फ तोंडात धरून ती घरभर ओढायची. लोक म्हणाले, बरं झालं, घराला सोबत झाली. मथुराही हो म्हणायची. पण तिला एक गोष्ट खुपत होती. रस्त्यावरून गाडी गेली तरी पेडवीचे कान आता हलत नव्हते. ती झोपलेली असली तर झोपूनच राहायची. मथुराने तिला रुळवण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं, आणि रुळणं म्हणजे हेच असतं हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. वाट बघणारी आता ती एकटीच उरली होती.

एका संध्याकाळी ती माजघरात कोकमाची सोलं निवडत बसली होती. पेडवी आली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि आपण होऊन तिच्या मांडीवर चढून बसली. पहिल्यांदाच. स्कार्फ पलंगाशी पडला होता, त्याची तिला आता गरज नव्हती. मथुराने मांजर हलू न देता हात लांबवून तो उचलला आणि नाकाला लावला. मांजराचा वास, माशाचा वास, लादीवरच्या धुळीचा वास. तिने पुन्हा पुन्हा हुंगून बघितला.

"ह्येच्यात आता ती नाय," ती म्हणाली.

दाजींनी स्कार्फ घेतला. त्यांनीही हुंगला, डोळे मिटून, बराच वेळ.

"नाय," ते म्हणाले.

"तुमका वायट वाटता? आपण दिलो म्हणान?"

दाजींनी स्कार्फची नीट घडी घातली आणि तो पेडवीच्या बाजूला, मथुराच्या मांडीवरच ठेवला.

"दिलो नसतो तर मांजर गेला असता," ते म्हणाले. "आपण खंय जातलव?"

मथुराच्या मांडीवर पेडवी गाढ झोपली होती आणि तिला उठवणं जिवावर येत होतं. म्हणून त्या दिवशी देवापुढे दिवा दाजींनी लावला.