पाच बोटांची वीट

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. विटा पाडायचा लाकडी साचा. मला तळ नाही, झाकण नाही, नुसत्या चार फळ्या आणि दोन मुठी. मग तुझ्यापाशी आहे तरी काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या पोटात रिकामी जागा आहे, आणि त्या जागेतून एक अख्खं घर बाहेर आलेलं आहे. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाचा डोंगर समोर दिसतो अशा एका गावात ते उभं आहे. त्याच घराच्या पडवीत मी एका खुंटीला टांगलेला असतो.

माझा जन्म १९९८ सालच्या मार्च महिन्यातला. त्याआधी मी या घराच्या मालकाच्या, कुंडलिकच्या गोठ्यात गव्हाणीची फळी होतो. बैल म्हातारे होऊन गेले, गव्हाण मोडली आणि फळी कोंडू सुताराच्या हाती आली. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, बैलांनी चाटून चाटून ही इतकी गुळगुळीत केली आहे की रंध्याचं कामच उरलेलं नाही. तरी सवयीने त्याने दोन हात रंधा मारलाच. त्याचं चुकलंही नाही म्हणा. आतून गुळगुळीत असल्याशिवाय साच्यातून वीट अलगद सुटत नाही.

माझी गरज का पडली, ते सांगतो. कुंडलिकचं जुनं घर पत्र्याचं होतं. वैशाखात पत्रे तापले की आत उभं राहवत नसे. कुंडलिकच्या आईला, म्हणजे गोजरआजीला दमा होता. ती दुपारभर जांभळाच्या झाडाखाली बसायची, छातीवर ओला फडका ठेवून. तिच्या श्वासाची शिटी मला गोठ्यापर्यंत ऐकू यायची. त्या वर्षी शिमग्याआधी एका दुपारी कुंडलिक तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "आये, पुढच्या वरसाच्या वैशाखात तू घरात निजशील." म्हातारी नुसती हसली. पण त्याने शब्द दिला होता.

कुंडलिक गवंडी होता. कल्याणला जाऊन लोकांच्या घरांवर स्लॅब टाकायचा. म्हणून तर त्याला स्लॅब नको होती. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ओकते, असं तो म्हणायचा. शहापूरला दोन दिवसांच्या एका शिबिरात जाऊन तो नवं काही शिकून आला होता. हातभर जाड मातीच्या भिंती, वर कौलं, भिंतीच्या पुढे दोन हात आलेलं छप्पर. विटा भाजायच्याच नाहीत, उन्हात वाळवायच्या. म्हणजे भट्टीही नको आणि भट्टीसाठी जंगलातलं लाकूडही नको.

खिडक्या कुठे ठेवायच्या ते मात्र त्याच्या बायकोने, चंदाने ठरवलं. तिने मोकळ्या जागेत काठ्या रोवल्या, त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आणि पंधरा दिवस भर दुपारी त्या कुठल्या दिशेला उडतात ते पाहत बसली. शेजारणी विचारायच्या, हे कुठल्या देवाचे झेंडे गं? ही म्हणायची, वाऱ्याचे. जिथून वारा आला तिथे एक खिडकी आणि समोर जिथून तो गेला तिथे दुसरी. पंख्याचं काम तिने चिंध्यांकडून करून घेतलं.

आता चूक सांगतो. विटांना माती कुठली घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा गोजरआजी हट्टाला पेटली. म्हणाली, माझ्या घराला हलकीसलकी माती नको, राबाच्या वाफ्यातली घ्या. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या जागेवर दरवर्षी पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या वाफ्याची माती लोण्यासारखी मऊ. अख्ख्या शेतात तिच्यासारखी दुसरी नाही. आजीने अर्धा वाफा मोकळ्या मनाने खणून दिला.

सहाशे विटा पाडल्या. चार दिवस ऊन खाऊन त्या वाळल्या आणि उचलायला गेलं की कोपरे हातात यायला लागले. कुंडलिकने कोंडूला बोलावून माझे कोन तपासून घेतले. कोंडू म्हणाला, साचा सरळ आहे. पण रागावलेल्या माणसाला सरळ गोष्ट दिसत नाही. वरून शेजारपाजारचे येऊन सांगत होते, हे मातीचे खेळ सोड आणि स्लॅब टाक. मृग महिन्याभरावर आलेला, एकही भिंत उभी नाही. त्या दिवशी कुंडलिकने मला मुठीला धरून उचललं आणि उरलेल्या अर्ध्या वाफ्यावर रचलेल्या राबात फेकून दिलं.

मित्रांनो, मी घाबरलो होतो. खाली सुका पाला, वर गवत, मध्ये मी. वारा पडायची वाट सगळे बघत होते. आमच्या घरात राब पेटवायचा मान गोजरआजीचा. संध्याकाळी ती पेटती चूड घेऊन बांधावरून हळूहळू आली, वाकली आणि थांबली. चूड तिने चंदाच्या हातात दिली, मला ओढून बाहेर काढलं आणि पदराने पुसलं.

"याला इथं कोणी टाकला?"

"आये, साचा खोटा हाय तो," कुंडलिक म्हणाला. "एक वीट धड पडत नाय."

आजी मला मांडीवर घेऊन बांधावर बसली. तिने बाजूची एक फुटकी वीट उचलली, तळहातावर चुरली आणि नाकाशी नेली. तिचा हात काळा झाला होता. किती तरी वेळ ती त्या हाताकडेच बघत राहिली.

"साचा खोटा नाय रे," ती म्हणाली. "माती माझी चुकली. चाळीस वरसं मी या वाफ्यात राब जाळला. निसती राख हाय ही. भाताला गोड, भिंतीला नाय. हट्ट मी केला नी तू जाळतोस माझ्या बैलांची गव्हाण."

एवढं बोलताना तिला धाप लागली. कुंडलिकने मला तिच्या मांडीवरून उचललं आणि घराकडे नेलं. जाताना त्याने मला दोन्ही हातांनी धरलं होतं, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून माळावरची तांबडी, मुरमाड माती आली. तिच्यात भाताचं तूस मिसळलं. फुटक्या सहाशे विटा पुन्हा वाफ्यात पसरल्या आणि त्यांच्यावर त्या वर्षी रोपंही आली. चिखल तुडवायला आजीला बंदी होती, म्हणून तिने आपलं काम शोधून काढलं. चंदाने मला भरून वर उचललं की ओल्या विटेवर आजी आपली पाच बोटं दाबायची. खळग्यांत वरच्या थराचा चिखल धरून राहतो म्हणे. तीन हजार विटांवर तिने बोटं उमटवली. मृगाच्या आधी भिंती उभ्या राहिल्या आणि वर कौलं चढली. चुलीच्या वर एक काचेचं कौल बसवलं. त्यातून येणारा उजेडाचा तुकडा जमिनीवर कुठे पोचला आहे ते बघून आजी वेळ सांगायची.

पुढचा वैशाख आला. एका दुपारी आजी जांभळाखालून उठली, आत आली, जमिनीवर चटई पसरली आणि झोपली. चंदा तीनदा दाराशी येऊन कान देऊन गेली. शिटी ऐकू येत नव्हती. तिसऱ्या वेळी ती उंबऱ्यावर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

ते माझे मानाचे दिवस. पुढे वीज दिवसदिवस जायला लागली तेव्हा स्लॅबवाले शेजारी आमच्या पडवीत येऊन बसायचे. दोन घरांनी मला मागून नेलं आणि धुऊन परत आणून दिलं. मग सिमेंटचे ठोकळे आले आणि मला कोणी विचारेना. मला गोठ्यात टाकलं, माझ्यात गवत घालून एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. ती फार चिडकी होती. त्या दिवसांत गोजरआजी गेली. त्याच घरात, निजल्या जागी, शांतपणे.

२००८ च्या पावसाळ्यात माकडांनी पश्चिमेकडची दोन कौलं फोडली. उद्या बदलू, उद्या बदलू, असं करता करता पाऊस संपला आणि तिकडची भिंत पाणी पिऊन फुगली. दिवाळीनंतर कुंडलिक पहार घेऊन उभा राहिला. आता ही भिंत पाडायची आणि सिमेंटचे ठोकळे लावायचे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या घावाला वरचा थर सुटला आणि खालची वीट उघडी पडली. तिच्यावर पाच बोटं होती. करंगळी थोडी वाकडी, आजीची होती तशीच.

चंदाने आपला हात त्या खळग्यांवर ठेवला. "अवो, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

कुंडलिकने पहार खाली ठेवली. तो सरळ गोठ्यात आला, कोंबडीच्या शिव्या खात त्याने मला तिच्याखालून काढलं, घासून धुतलं आणि करंजाचं तेल पाजलं. माळावरची तांबडी माती पुन्हा आली. त्यांची मुलगी भूमिका आता पंधरा वर्षांची होती. चंदाने मला भरून उचललं आणि लेकीला सांगितलं, दाब गो, आजी दाबायची तशी.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो, मित्रांनो. कौल फुटलं की त्याच दिवशी बदला. मातीचं घर तुमच्याकडून एवढंच मागतं आणि त्याच्या बदल्यात तुमचा श्वास सांभाळतं. आणि काम झालेल्या अवजाराला कोंबडीखाली घालण्याआधी एकदा विचार करा.

फुगलेला भाग तेवढा काढून जुन्या विटांवर नव्या विटा बसवल्या, आणि भिंत आता नीट झाली आहे. वरून सारवल्यामुळे काही दिसत नाही. पण आत आजीच्या पाच बोटांवर नातीची पाच बोटं आहेत, आणि मधला चिखल त्यांनी घट्ट धरून ठेवला आहे.