वाचवलेली मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे, विहिरीवरची. विहीर मात्र आता कुणाला दाखवता यायची नाही. तिच्यावर सोसायटीचं पार्किंग झालं आहे. बिडाचं अंग आणि तांब्याची तार घेऊन मी कारखान्यातून निघाले, तेव्हा माझे आताचे मालक कोंडाजी यांच्या वडिलांनी मला बैलगाडीतून दिघीच्या मळ्यात आणलं. बटण दाबलं की पाटाला पाणी धावायचं. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला येत आणि मीही जरा जास्तच घरघरत असे.

पुढे मळा गेला. कोंडाजींनी भोसरीत एक शेड घेतली, पत्रा कापायचा प्रेस बसवला आणि पट्ट्याने मला त्याला जोडलं. कांद्याला पाणी पाजणारी मी गाड्यांचे सुटे भाग कापू लागले. कोंडाजींची लेक वर्षाली डिप्लोमा करून शेडचा कारभार पाहू लागली. प्रेसवर बीडकडून आलेले ज्योतीराम होते. दोन घरांच्या चुली माझ्यावर पेटत होत्या.

पण म्हातारपण कुणाला चुकलं आहे? मी जळू लागले. आतली जळकी तार काढून नवी भरून आणायची आणि पुन्हा मला जुंपायचं, असं चाललं. दर खेपेला मी वीज जास्त ओढी, काम कमी करी आणि तापे मात्र भरपूर. खायला काळ नि भुईला भार! ज्योतीराम म्हणत, "ताई, हिच्यावर भाकरी भाजंल बघा." वर्षाली हसायची, पण विजेचं बिल आलं की तिचा चेहरा उतरायचा.

अशात वीज कंपनीची योजना आली. छोट्या कारखान्यांनी जुनी मोटर द्यावी, कमी वीज खाणारी नवी घ्यावी, तिची किंमत बिलातून हप्त्याहप्त्याने फेडावी. अट एकच होती. जुनी मोटर चालवून ती किती वीज खाते ते मोजायचं आणि मग ती मोडीत काढायची, म्हणजे ती पुन्हा कुठे वीज खात बसणार नाही. वर्षालीने आनंदाने नाव दिलं. "मोडीत" हा शब्द ऐकून कोंडाजी मात्र माझ्या अंगावरून हात फिरवू लागले.

मोजणीला तनुजा नावाच्या इंजिनिअर बाई आल्या तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि पूजा झालेलं यंत्र मग दसरा होईपर्यंत कुणी चालवत नाही. एरवी ही पूजा दुपारी, काम आवरल्यावर व्हायची. त्या दिवशी कोंडाजींनी सकाळीच येऊन मला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला.

"काका, पाचच मिनिटं चालू करा," तनुजाबाई म्हणाल्या.

"पूजा झालीया. आज बटनाला हात लावायचा न्हाई."

"या भागातली मोजणी आज संपतेय हो. पुढची योजना कधी येईल, मी नाही सांगू शकत."

"आबा, माझ्यासाठी," वर्षाली म्हणाली. "देव काही रागावणार नाही."

"तुझ्या आज्ज्यानं आणलेली हाय ती," कोंडाजी म्हणाले आणि दारात पाठ करून उभे राहिले. तनुजाबाईंनी मला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि त्या गेल्या. कोंडाजींनी देवाचं नाव पुढे केलं होतं, त्यांची खरी भीती मी मोडीत निघण्याची होती. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अहो, जाऊ द्या मला!

दिवाळीच्या तोंडावर माल द्यायची घाई असताना मी जळाले. पुन्हा भरून आणलं, पुन्हा जळाले. नवी मोटर रोखीने घ्यायला पैसे नव्हते. सुटे भाग घेणाऱ्या कंपनीने काही दिवस वाट पाहिली आणि काम चाकणच्या दुसऱ्या शेडला दिलं. प्रेस विकला गेला, शेडला कुलूप लागलं. ज्योतीराम निरोप घ्यायला आले तेव्हा वर्षालीला त्यांच्याकडे बघवेना.

आता मी दिघीच्या घरी, अंगणात असते. कोंडाजी मला फडक्याने पुसतात, रंग देतात. इतकं कौतुक भर उमेदीतही झालं नव्हतं, पण ते अंगाला लागत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण आमची वेळ भरली की आम्हाला जाऊ द्या, आणि आम्हाला धरून ठेवताना कुणाच्या हातातून काय सुटतं आहे, तेही बघा.

काल वर्षाली चाकणच्या शिफ्टला निघाली होती. आता ती दुसऱ्याच्या कंपनीत कामाला जाते. मला पुसता पुसता कोंडाजी म्हणाले, "कायबी म्हण पोरी, आपली मोटर वाचली."

"हो आबा," ती म्हणाली, "मोटर तेवढी वाचली." आणि बस चुकेल म्हणून लगबगीने निघून गेली.