चौदा ग्रंथ आणि आत हवा

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथसंग्रह आहे, असं तुम्हाला वाटावं म्हणून मला घडवलं. खरं सांगायचं तर मी एक लांबट लाकडी खोका. पुढून चौदा जाडजूड ग्रंथांच्या पाठी, मागून प्लायवूड, आणि आत हवा.

माझा जन्म शोभेच्या वस्तूंच्या कारखान्यातला. सुतारकाकांनी उरलेल्या फळ्या जोडल्या, अर्धगोल पट्ट्या ठोकून ग्रंथांच्या पाठी केल्या आणि वर तपकिरी रेक्झिन चढवलं. मग पेंटरकाका आले.

"नावं काय लिहू?"

"लिही काहीही," मालक म्हणाले. "सरदारांच्या घरातली पुस्तकं वाटली म्हणजे झालं. वाचतंय कोण!"

पेंटरकाकांनी आधी मुकाट्याने 'राजनीती' लिहिलं, मग 'युद्धशास्त्र'. पुढे त्यांना कंटाळा आला आणि, देव त्यांचं भलं करो, सोनेरी अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'मांजरांचे न्यायशास्त्र', 'हरवलेल्या छत्र्यांचा इतिहास, खंड दुसरा', 'मोठ्या काकूंचा राग, खंड तिसरा'. शेवटी बुटाचं पॉलिश चोळून त्यांनी मला अर्ध्या तासात दोनशे वर्षांचं केलं.

मला विकत घेतलं ते पाण्याच्या पंपांचं दुकान चालवणाऱ्या एका बाबांनी. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात सगळा सरदारी थाट होता. छताला प्लॅस्टिकचं झुंबर, कोपऱ्यांत प्लास्टरचे खांब, सोफ्याच्या पायांना सिंहाचे पंजे. एका पंज्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली, कारण सिंह लंगडत होता.

पाहुणे म्हणत, "वा, काय हे वाचन!" बाबा नुसते हसत. मी मात्र आतून खजील होत असे. माझी नावं कुणी वाचतच नव्हतं. वाचली ती फक्त त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने, ठकूने.

"बाबा, छत्र्यांच्या पुस्तकात काय आहे हो?"

"हात लावू नकोस गं, महाग आहे ते!"

एके दिवशी फोन आला आणि बाबांचा चेहरा फुलला. त्यांच्या शाळेतल्या बाई चहाला येणार होत्या. बाबांनी लहानपणीच शाळा सोडून दुकान धरलं, तेव्हा बाईंनी एवढंच मागितलं होतं, 'वाचन सोडू नकोस.' त्या दिवशी बाबांनी मला चार वेळा पुसलं. बाईंना वाटावं, पोराने शब्द पाळला.

बाई आल्या त्या थेट माझ्याकडेच.

"बाई, चहा गार होतोय," बाबा मध्ये उभे राहिले.

"होऊ दे रे. सरक बघू." त्यांनी चष्मा वर केला. "छत्र्यांचा इतिहास? दुसरा खंड? अरे, पहिला कुठाय?"

आणि त्यांनी खंड ओढला. मित्रांनो, काय सांगू! चौदाच्या चौदा ग्रंथ एकदम त्यांच्या हातात आले.

बाबांनी मान खाली घातली. गृहपाठ न केलेली मुलं उभी राहतात ना, तसे उभे राहिले. "बाई, ते नुसतं दिखाव्याचं आहे. मी... मी काहीच वाचलेलं नाही."

"मी वाचलंय!" ठकू ओरडली आणि आत पळाली. परत आली ती तीन वह्या घेऊन. "म्हणजे, मीच लिहिलंय. आत काय असेल ते बाबा सांगेचनात! तीन झालेत, अकरा राहिलेत."

बाई सोफ्यावर टेकल्या, वही उघडून मोठ्याने वाचू लागल्या. "'पहिली छत्री बाबा बसमध्ये विसरले. ती शेवटच्या थांब्यापर्यंत एकटीच खिडकीशी बसून गेली. तिला फार मजा आली.'" बाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"घरात लेखिका बाळगतोस आणि मला खोका दाखवतोस होय रे?"

बाबाही हसू लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"आता गृहपाठ," बाई म्हणाल्या. "रोज हिच्या वहीतलं एक पान वाचायचं. मी येऊन विचारणार आहे."

बाबांनी त्याच संध्याकाळी दुकानातला स्क्रू-ड्रायव्हर आणला, माझी प्लायवूडची पाठ उघडली आणि तीन वह्या माझ्या पोटात उभ्या केल्या.

त्याला आता खूप वर्षं झाली. ठकूने चौदाही ग्रंथ पुरे केले. 'मोठ्या काकूंचा राग' खऱ्या मोठ्या काकूंनी वाचला आणि त्या अशा काही भडकल्या की चौथ्या खंडाची आपोआप सोय झाली. पॉलिश उडालं, रेक्झिन सोललं आणि मी खरोखरच जुना झालो. मला त्याचा केवढा आनंद वाटतो!

मित्रांनो, कुणाला पोकळ म्हणून हिणवू नका. वाद्याचंही पोट रिकामंच असतं, म्हणून तर तिथे नाद राहायला येतो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याला टाकू नका. पाठ उघडा आणि आपलं काहीतरी आत ठेवा.

परवाच बाबांनी छत्र्यांचा इतिहास मागितला. आता चौदा एकदम येत नाहीत. हवा तो एकच खंड मागून अलगद बाहेर निघतो.