ठेंगण्या छताखालची चप्पल

छापखान्यात दरवर्षी एकदा चपला उडत. चप्पल पायानेच उडवायची, हात लावायचा नाही. ज्या विभागाची सगळ्यांत लांब जाईल, त्याला वर्षभर वरची खिडक्यांची खोली. हरेल त्याने तळघरात जायचं. खोल्यांचं भांडण मिटवायला मालकांना याहून शहाणी युक्ती सुचली नव्हती.

वहिनीचा बांधणी विभाग वर्षानुवर्षं तळघरातच होता. दिव्याखाली पुस्तकं शिवून तिच्या डोळ्यांच्या खाचा व्हायची वेळ आली होती. तिला ऊन हवं होतं, बास. वरच्या विभागात तिची सख्खी नणंद मुद्रितं तपासायची, खिडकीशी बसून केस वाळवायची आणि शिवाय घरी येऊन आज ऊन कसं छान पडलं होतं ते सांगायची.

सरावात तळघर कमी नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत चपला उडत. पण छत इतकं ठेंगणं, की जरा वर गेलेली चप्पल थाडकन आपटून खाली. म्हणून सगळ्या जणी सपाट, जमिनीलगत उडवायला शिकल्या होत्या. जोर घोड्याचा आणि चप्पल चार ढांगांवर.

स्पर्धेच्या सकाळी अंगण धुवायचं काम वहिनीच्या गळ्यात पडलं. नळी आडवी धरली, तर पाणी पुढ्यातच पडलं. उभी धरली, तर तिचीच आंघोळ झाली. मग मधोमध तिरकी धरली, आणि नळाला जोर तेवढाच असून धार थेट फाटकाला लागली. वहिनी ओलीचिंब उभी राहून एकटीच खोखो हसायला लागली. इतकी वर्षं त्यांना नणंदेने नव्हे, त्या मेल्या छताने हरवलं होतं.

पाळी आली. नळीसारखीच, मधोमध तिरकी, तिने चप्पल सोडली. ती नणंदेच्या खुणेवरून गेली, मालकांच्या टकलावरून गेली, फाटक ओलांडून बाहेरच्या भाजीच्या हातगाडीत जाऊन पडली. बांधणीवाल्यांनी आरडाओरडा करून छापखाना डोक्यावर घेतला.

एकाच पायात चप्पल, हातात दोऱ्याची रिळं, अशी वहिनी जिना चढत होती. आनंदाने तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. गाठोडं घेऊन उतरणारी नणंद तोऱ्यात थांबली.

"पुढच्या वर्षी बघच, वहिनी. रोज जेवणाच्या सुट्टीत खाली सराव करणार आहोत आम्ही."

वहिनीने मोठ्या कष्टाने हसू गिळलं.

"करा की," ती म्हणाली. "अगदी रोज करा."