पाठीने ऐकलेलं घर

बाबांचा सदरा नेहमी आधी पाठीवर विरायचा. कॉलर, कोपर, खिशाची कड ही झिजण्याची सर्वमान्य ठिकाणं शाबूत असत आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, कापड असं झिरझिरीत होई की पौषातल्या उतरत्या उन्हात ते पाठमोरे उभे राहिले तर खालची सावळी कातडी दिसायची. आई तिथे आतून ठिगळ लावायची आणि सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटायची, "या मानसाचं लगन माह्याशी नाही, त्या खांबाशी लागलं हाये." बाबांना ते ऐकू जात नसे, पण तिच्या ओठांच्या हालचालीवरून आपल्यावर काहीतरी आलंय एवढं त्यांना कळायचं आणि ते हसायचे.

खांब बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा होता, काळपट तांबूस, माणसाच्या मिठीत मावेल एवढा. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून आमचं घर. जाड मातीच्या भिंती, कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, माजघरावर फळ्यांचा माळा आणि त्या माळ्याचा सगळा भार पेलत मधोमध उभा असलेला हा खांब. मागच्या दारातून आत आलेलं ऊन दुपारभर जमिनीवरून सरकत सरकत त्याच्या पायथ्याशी पोचलं की बाबांची बसायची वेळ होई. ते येत, धोतराचा सोगा आवरत, पाठ खांबाला लावत, एकदा इकडे, एकदा तिकडे अंग घासून नेमकी जागा शोधत आणि मग डोळे मिटत. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती उतरे, ती मी देवळात टाळ कुटणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर पाहिली नाही.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये धान भरडण्याच्या यंत्रावर काढली. तिथला गडगडाट असा की दोन माणसं कानाला तोंड लावून बोलली तरी अर्धं वाऱ्यावर जाई. बाबा यंत्राच्या अंगावर पालथा तळहात ठेवून उभे राहत, आणि पट्टा सैल झालाय की आत खडा आलाय हे त्यांना हातातून कळे. कान मात्र त्या गडगडाटाने असे हळूहळू नेले, की ते गेल्याचं त्यांनाही उशिराच लक्षात आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसा सुकल्या, आता काही व्हायचं नाही. तरी आम्ही कानात घालायचं यंत्र आणलं. बाबांनी ते चार दिवस वापरून कपाटात ठेवून दिलं. त्यातून नुसती मिलच ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं.

आणि तरीही हा ठार बहिरा माणूस घरातलं सगळं जाणून होता. खांबाला टेकून, डोळे मिटून बसलेले असत आणि पुढच्या कवाडाची कडी पडली की म्हणत, "मधू आला." माळ्यावर कोणी चढलं की मान वर न करता बजावत, पोतं सांभाळून काढजो. माझी वहिनी रेखा मागे मिरच्या कांडू लागली की मिशीतल्या मिशीत हसत, कारण त्या रात्री झणझणीत भाजी ठरलेली. एवढंच नाही, पावलांतला भावही त्यांना उमगे. मधू, म्हणजे माझा धाकटा भाऊ, बाहेरून आला की त्याला हाताने जवळ बोलावत आणि डोळे मिचकावून सांगत, "आज सुनबाईले राग हाये. भाजीले नाव नको ठेवजो." ते खरं निघे. गावातली माणसं थट्टा करत, बहिऱ्याला कामाचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. आम्हीही हसायचो. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडे ते होते खरे, फक्त कोणाच्या उपयोगाचे ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबांच्याही नाही. त्यांची समजूत अशी, की मिलमधून सुटल्यावर कान थोडे सुधारलेत.

आई गेली तेव्हा शेजारपाजारच्या बाया आठवडाभर घरात वावरत होत्या. बाबा खांबापासून हलले नाहीत. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, सारेच हायेत, तिचंच पाऊल तेवढं नाही. मला वाटलं, दुःखात माणूस असं काहीबाही बोलतो.

मग रस्ता रुंद झाला. आमच्या बाजूच्या पडीक जागांना एकाएकी मोल आलं, आणि मधूच्या मनात घराचं घोळू लागलं. त्यात त्याची काही चूक मी काढणार नाही. पावसाळ्यात भिंती ओल धरायच्या, कवेलू दरवर्षी फेरून पुन्हा रचावे लागायचे, माळ्यावर उंदरांनी संसार थाटलेला. तुमसरच्या ठेकेदाराने त्याला मोबाईलवर चित्रं दाखवली: शहरातली माणसं आता जुन्या घरांना कशी नवी करतात, स्लॅब टाकतात, फरशी बसवतात आणि एखादी जुनी लाकडी वस्तू मुद्दाम राखतात, म्हणजे किंमतही चढते आणि घराला घराणंही राहतं. मधूने ती चित्रं बाबांना दाखवली. बाबांनी चष्मा लावून एकेक चित्र निरखलं, पोरासारखे खुलले आणि दोन्ही हातांनी उंच, उंच, अशी खूण केली. आपल्या घरावर स्लॅब पडावा ही त्यांची जुनी हौस होती. मिलमधल्या त्यांच्या जोडीच्या सगळ्यांची घरं केव्हाच पक्की झाली होती.

एकच गोष्ट त्यांनी मागितली. मधूचा हात धरून त्याला माजघरात नेलं, खांबावर थाप मारली आणि म्हणाले, "हा तेवढा ठेवजो रे बाबू. मले पाठ टेकाले लागते." मधूने मान डोलावली. बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढं त्याने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

धान कापून खळ्यावरून घरी आलं आणि काम सुरू झालं. त्या दिवसांतले बाबा मला फार आवडतात. फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून ते अंगणातल्या पळसाखाली खुर्ची टाकून बसत आणि आपलंच घर उतरताना पाहत. कवेलू उतरले, वासे उतरले, माळ्याच्या फळ्या एकेक करून खाली आल्या. भिंत कोसळली की धुळीचा लोट उठे आणि त्या लोटातून बाबांचे पांढरे दात दिसत. स्लॅब पडल्यावर त्याला पाणी मारायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभे, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, जणू रोपांनाच पाणी देतायत. मी पवनीहून, माझ्या सासरहून, मधूनमधून जाऊन येई. दर वेळी ते माझा हात धरून मला सगळीकडे फिरवत आणि नसलेल्या दारांतून आत नेत.

खांब मधूने खरंच राखला. जीव टाकून राखला म्हणा. कारागिराकडून घासून घेतला, त्यावर चकचकीत पॉलिश चढवलं, खाली काळ्या दगडाची बैठक बसवली, आणि नव्या बैठकीच्या खोलीत मधोमध उभा केला. वर तो छताला भिडलेला दिसतो, पण त्याच्यावर आता काहीच नाही. भार सगळा सिमेंटच्या कोपऱ्यांतल्या खांबांवर आहे. वास्तुपूजेला आलेला प्रत्येक जण घर पाहून आधी त्या खांबापाशी थांबला. जुन्या गोष्टींची कदर असावी तर अशी, असं म्हणत सगळ्यांनी मधूची पाठ थोपटली. बाबा नवा कोरा सदरा घालून खांबाला टेकून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते.

पाहुणे गेले, मांडव उतरला, घर राहतं झालं. काही दिवसांनी वहिनीचा मला फोन आला. तिचा आवाज चमत्कारिक होता. म्हणाली, बाबा सारखे उठून खोल्यांमधून पाहून येतात. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला पाहतात, परत जाऊन बसतात, पुन्हा येतात. मी गेले. संध्याकाळचं ऊन नव्या फरशीवर पाण्यासारखं पसरलं होतं. बाबा खांबाला टेकलेले, पण डोळे उघडे. पॉलिशवरून सदरा घसरत होता, म्हणून ते पुन्हा पुन्हा सरसावून बसत, पाठ इकडे घासत, तिकडे घासत, ती जुनी जागा शोधत. मला पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "काहून रुसले वं सारे? कोनी हलत नाही, बोलत नाही. माह्याकून काही चुकलं काय?"

त्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता आणि वरच्या मजल्यावर मधू मोठ्याने फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता.

तेव्हा मला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. माळ्याच्या फळ्या तुळईवर होत्या, तुळई खांबावर. कवाडाची चौकट त्याच लाकडात अडकवलेली. घरात कुठेही पाऊल पडो, कडी पडो, मुसळ पडो, त्याचं स्पंदन लाकडालाकडातून वाहत त्या खांबात उतरे आणि खांबातून बाबांच्या पाठीत. मिलमध्ये तळहाताने केलं तेच त्यांनी आयुष्यभर घरात पाठीने केलं, नकळत, श्वास घेतो तसं. आम्ही त्यांच्या सांगण्याबरहुकूम खांब जपला आणि त्याला येऊन मिळणारं सगळं घर उतरवून ठेवलं. त्यांनी मागितलं तेच त्यांना दिलं. दोष द्यायचा तर द्यायचा कोणाला?

मी मधूला आणि वहिनीला हे सांगितलं. मधू उठला आणि पाय आपटत सबंध बैठकभर चालला. बाबा ढिम्म. वहिनीने बाबांच्या शेजारीच खल ठेवून कुटून पाहिलं. दगडाच्या बैठकीने ते सगळं गिळून टाकलं. शेवटी मधूने खांबावरच मुठीने दणके घातले. बाबा एकदम दचकले, वळले आणि कळवळून म्हणाले, "काहून मारून राहिला रे त्याले?" मधूने मूठ मागे घेतली. तसाच मागच्या अंगणात गेला, मी त्याच्या मागे गेले. एवढा दांडगा बाप्या, तोंड भिंतीकडे करून उभा होता. म्हणाला, "सांग ना ताई, आता काय पाडू मी?"

बाबांना समजावून सांगावं म्हटलं, तर काय सांगणार? तुम्हाला ऐकू येत नव्हतंच, असं? म्हातारपणी माणसाकडे जो एक आनंद उरलेला असतो, तो मुळात खोटा होता हे त्याला पटवण्याइतकी मी शहाणी झाले नाही, आणि होणारही नाही. आम्ही हाताने खुणा करतो, समोर येऊन बसतो, हसतो, ताट वाढतो. ते सगळं घेतात, हसतात. आपण उठून बाजूला झालो, की त्यांच्यापुरतं आपण घरातून निघून गेलेलो असतो. त्यांना राग येत नाही, तक्रारही नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मधूने ठेकेदाराला बोलावून वर माळा करता येईल का विचारलं. ठेकेदार म्हणाला, शोभेचा करता येईल.

परवा, माघातल्या एका दुपारी, मी पुन्हा गेले. बाहेरच्या रस्त्यावरून धानाचे ट्रक खडखडत तुमसरकडे जात होते, शेजारी लग्नाचा बँड तालीम करत होता, आत टीव्ही, मिक्सर, मधूचा फोन, सगळं एकदमच चाललेलं. त्या घराइतकं गजबजलेलं घर अख्ख्या पंचक्रोशीत नसेल. पुढचं दार उघडंच होतं. बाबा आतल्या खोलीतून येताना दिसले. चवड्यांवर चालत होते. काठी टेकत नव्हते, फरशीवर वाजू नये म्हणून उचलून काखेत धरली होती, आणि दुसऱ्या हाताने भिंतीचा आधार घेत एकेक पाऊल जपून टाकत होते. त्या खोलीचं दार लोटताना त्यांनी ते दोन्ही हातांनी, बाळाचा पाळणा थांबवावा तसं, हलकेच लावलं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तसं त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि जवळ येऊन कुजबुजले, "हळू ये वं बाई. सारे झोपले हायेत."

मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागोमाग चवड्यांवर चालत आत गेले. माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांनी त्याची आठवण काढत बसावं, ही काळाची रीत. आमच्या घरात ती उलटी फिरली, आणि आम्ही सगळे धडधाकट, बोलतेचालते असतानाच बाबांच्या लेखी आठवणीत जमा झालो.