नाल्याकडचा पोस्ट

कुंभवलीजवळच्या त्या मैदानाचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा आहे. एका गोलच्या मागून नाला जातो आणि डाव्या पोस्टपाशी तो इतका जवळ वळतो, की तिकडे गेलेला बॉल आणायला कोणी उठत नाही. पाणी कधी तपकिरी, कधी हिरवट, वर साय धरल्यासारखा फेस. वास म्हणाल, तर सडकी अंडी आणि नेलपॉलिश एकाच पातेल्यात उकळल्यासारखा. घरी जेवायला बसलं तरी आमटीतून तोच येतो. आसपासच्या कारखान्यांची फुटबॉल स्पर्धा दरवर्षी इथंच होते, कारण दुसरं मैदान नाही. साहेब लोकांचा मंडप मात्र पलीकडच्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून घातलेला असतो. त्यांना बरोबर कळतं.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोर चालायच्या आधी बॉलला लाथ मारतं. पोटासाठी बोईसरला आलो, एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर झालो आणि कंपनीची टीमही माझ्याच गळ्यात पडली.

कॉर्नर अडवायला मोठं शौर्य लागत नाही. बाकीचे आपापला माणूस धरतात, पण एकानं जवळच्या पोस्टला उभं राहायचं आणि काही झालं तरी हलायचं नाही. एवढंच. गेल्या वर्षी फायनलला तिथं आमचा पॅकिंगमधला कमलेश होता. समोरच्यांनी कॉर्नर मारला, तेवढ्यात नाल्यावरून झुळूक आली आणि ह्या शहाण्यानं हात नाकावर नेला. बॉल थेट कोपराला. हँडबॉल, पेनल्टी, एक-शून्यनं हरलो. मंडपात लोक पोट धरून हसले. मी वर्षभर कमलेशला शिव्या घातल्या.

यंदा म्हणून एकच घोकंपट्टी लावली. "हात खाली!" रोज संध्याकाळी शंभर कॉर्नर आणि शंभर वेळा माझं ओरडणं. ओव्याची पुरचुंडी दिली, रुमाल बांधायला दिले, एकदा तर कमलेशचे हात मागं सुतळीनं बांधले. तो तसाच वाकून ओकला. दुसऱ्याला उभं केलं, तो बॉल यायच्या आधी दोन पावलं आत सरकायचा. तिसरा यूपीचा, तो म्हणाला, "सर, गोली मार दो, यहाँ खड़ा मत करो." मला त्यांची किळस येत होती आणि त्यांना त्या जागेची. खरं म्हणजे त्यांचंच बरोबर होतं.

मग मी जिवल्याला बोलावलं. पाड्यावरचा माणूस, अंगानं काटक, ठेकेदाराकडून आमच्याच कंपनीत सांडपाण्याच्या टाकीत उतरून गाळ काढायचा. दोन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. तो पोस्टला टेकून उभा राहिला. हात खाली. वीस कॉर्नर झाले, चाळीस झाले. कपाळावर आठी नाही.

"वास सहन होतो तुला?" मी विचारलं.

"कसला वास, सर?"

मी हसलो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "नाय खरंच. मला वरीस झालं काय वास येतच नाय. फुलाचा नाय, मच्छीचा नाय."

सेफ्टी ऑफिसर आहे मी. टाकीत उतरणाऱ्यांना नवे मास्क दिले, अशी सही दर महिन्याला माझीच असते. मास्क जुनेच असतात, हेही मलाच ठाऊक असतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण मी. त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. आणि मला काय झालं, तर आनंद झाला. पोस्टला माणूस मिळाला! आज ते आठवलं की स्वतःवर थुंकावंसं वाटतं.

फायनलला तीन आठवडे होते तेव्हा त्याची बायको बायडी गेटवर आली. कडेवर मुलगी.

"तुमी सेफ्टीचे सायेब ना?" ती म्हणाली. "ह्याला टाकीवरून काढा. चुलीवर भात जळून कोळसा झाला, हा बाजूलाच बसलेला. परवा आंबलेली डाळ पोरीला चारली. दोन दिस दवाखान्यात होती ती. मी नसले घरात तर काय?"

टाकीवरून काढायचं तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की डॉक्टरची तपासणी, तपासणी झाली की अनफिट. आणि अनफिट माणूस कंपनीच्या टीममध्ये खेळू शकत नाही. हे गणित मी तिच्यासमोर उभ्या उभ्या केलं.

"फायनल होऊ दे, बायडी. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तीन आठवडे तो टाकीतच उतरंल ना?"

मी होकारार्थी मान डोलावली. ती पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

फायनलला दुसऱ्या हाफमध्ये नाल्याकडचा गोल आमच्याकडे आला. आम्ही एक-शून्यनं पुढं होतो. समोरच्यांनाही गेल्या वर्षीचा हँडबॉल आठवत होता. त्यांनी सात कॉर्नर मिळवले आणि सातही त्याच पोस्टवर मारले. जिवल्या खांबासारखा उभा. सहा त्यानं डोक्यानं बाहेर काढले. सातवा गोलरेषेवरून, कपाळानं, पोस्टला खांदा घासून. शिट्टी वाजली. आमच्या एचआरचे रामनाथ साहेब मंडपातून धावत आले, नाकाला रुमाल लावून अर्ध्या मैदानावरच थांबले आणि तिथूनच ओरडले, "पुढच्या वर्षी पण हाच माणूस हाच पोस्ट! काय?"

"हो साहेब," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की मलाच शिसारी आली.

सगळी टीम कप घ्यायला मंडपाकडे पळाली. जिवल्या मात्र नाल्याच्या काठावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. खांद्यातून रक्त येत होतं. मला बघून त्यानं बाजूची जागा हातानं झाडली.

"बसा ना, सर. हितं वारा बरा हाय."

मी बसलो. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं," मी म्हणालो. "मी येतो बरोबर. मास्कचं खरं काय ते मीच लिहून देतो. टाकीत आता उतरायचं नाही."

तो म्हणाला, "नाक नीट झालं तर पुढल्या वर्षी मला हितं कोन उभं करील? दोन वरसं बाकावरच होतो ना मी."

तोंड उघडलं की तो वास आत जात होता.

"आनि सर," जिवल्या हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रोज संध्याकाळी ऐकून पाठ झालेलं तो मला सांगत होता. "हात खाली."

तेव्हा मला कळलं, की माझा हात नाकावर होता.